रजिस्टरात नसलेलं नाव

आधीच सांगून टाकते, या लिखाणात कोणाचंही नाव येणार नाही. माझं नाही, माझ्या भावाचं नाही, आणि ज्याच्या नावापायी आमच्या घरात कोणाला धड घास गिळता आला नाही त्या भाच्याचंही नाही. त्याला विचारा, तो स्वतःच सांगेल, त्याला आवडतं ते. मला मात्र नावांचा वीट आला आहे. एवढंच सांगते की ते नाव पाली पोथीतलं आहे, बोलताना जीभ जरा अडखळते, आणि त्या काळी आमच्या मेडशीतच काय, पार वाशीमपर्यंत ते कोणाला नव्हतं.

पोराचं नाव ठेवायचं काम आमच्याकडे आत्याचं. म्हणजे ठरवतो बाप, मधे तोंड घालतात सगळे, पण पाळण्याशी वाकून पोराच्या कानात कुर्र करून ते नाव पहिल्यांदा उच्चारायचं ते आत्यानं. मग जमलेल्या बायका तिच्या पाठीत बुक्के घालतात. दीक्षा घेतली तेव्हा आमच्या वस्तीनं घरातले देव काढले, उपासतापास सोडले, पण आत्याच्या पाठीतले बुक्के काही सोडले नाहीत. मी तीन वेळा खाल्ले.

पहिल्यांदा खाल्ले तेव्हा मी चौदा वर्षांची होते. भावाचं ते बाळ नाव ठेवल्यावर अकरा दिवसांनी गेलं. दुसऱ्या वेळी सोळाची होते. ते चार महिने राहिलं. दोन्ही पोरं चांगली गुटगुटीत, दोघांची नावं भावानं हौसेनं शोधून आणलेली, ऐकत राहावी अशी, आणि दोन्ही नावं पहिल्यांदा निघाली ती माझ्या तोंडून. दुसरं गेलं तेव्हा मागच्या दारी भांडी घासताना मी ऐकलं, शेजारची बाई आमच्या मायला सांगत होती, "पोट्टीची जीभ पाह्यली काय वं तू? काळी हाय." मी हात तसेच राखेचे ठेवून आत गेले आणि आरशात जीभ काढून पाहिली. होता बाई डाग. टोकाशी, तिळाएवढा. आजही आहे.

त्यानंतर दोन वर्षांनी वहिनीला तिसरं बाळ झालं. तो मोठा दुष्काळ नुकता सरला होता. मुलगा झाला असं दाईनं सांगितलं तेव्हा घरात कोणी हसलंसुद्धा नाही. वहिनीनं बाळाला कुशीत ओढलं आणि पहिलं बोलली ते माझ्याशी. "बाई, याचं नाव दगडाचं ठेवा. नाही तं केराचं ठेवा. काही बी ठेवा, पण चांगलं ठेवू नका."

हे काय ते सांगायला पाहिजे. ज्या बाईची पोरं जगत नाहीत तिनं पुढच्या पोराला टाकाऊ नाव द्यायचं. दगड, धोंडा, कचरा, राख, असलं काही. म्हणजे मरणाला वाटावं की हे कोणी फेकून दिलेलं आहे, याला नेऊन काय करायचं. आमच्या मायनं तेच केलं होतं. भावाच्या आधीचे तिचे तीन गेले. भाऊ झाला तसा तिनं त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवला, शेजारणीनं उचलून परत आणून दिला, आणि उकिरड्यावर सापडला म्हणून नावही तसंच ठेवलं. भाऊ जगला. मग दहा वर्षांनी मी झाले. पोरीला दृष्ट लागत नाही अशी सगळ्यांची खात्री, म्हणून माझं नाव बरं आहे. पोरगी होण्याचा तेवढा एक फायदा झाला.

भाऊ शिकला, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झाला, पण नाव तेच राहिलं. ज्यांच्या घरी पंधरा-वीस एकर रान होतं त्यांची मिसरूड न फुटलेली पोरं रस्त्यात त्याला मास्तर म्हणत नसत. नावानं हाक मारत, तेही मोडून. भाऊ थांबायचा आणि 'जी' म्हणायचा. एकदा मी सोबत होते. त्याच्या पिशवीत पोरांच्या वह्या होत्या, आणि तो मान खाली घालून त्या पोट्ट्याचं कुठलंसं काम ऐकून घेत होता. मला तिथंच धोंडा उचलून त्याच्या टाळक्यात घालावासा वाटला. भावानं माझं मनगट धरलं आणि चालायला लागला.

तर बाळाच्या तिसऱ्या दिवशी भावानं शाळेतून दाखलखारीज रजिस्टर घरी आणलं. शाळेत आलेल्या प्रत्येक पोराचं नाव त्यात लिहिलेलं असतं. ते जाडजूड बाड घरी न्यायची परवानगी नव्हती, तरी पिशवीत घालून आणलं. ओळखीच्या एका भन्तेंना त्यानं आधीच पत्र टाकलं होतं, त्यांचं उत्तराचं कार्ड आलं होतं. त्यावर सात नावं. शाळा सुटली की ओसरीवर बसायचं, कार्ड मांडीवर घ्यायचं आणि रजिस्टराचं एकेक पान उलटायचं. कार्डावरचं नाव रजिस्टरात सापडलं की कार्डावर काट.

"काट काहून मारून राह्यला?" मी विचारलं.

"हे हाय एका पोराचं. कोणाचंच नसलं पाहिजे."

"कोणाचंच नसलेलं कायले पाहिजे तुले?"

त्यानं रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. दीक्षेच्या आधीची पानं होती. आमच्या वस्तीतल्या पोरांची नावं एकाखाली एक, कोणा जुन्या मास्तरानं काळ्या शाईत वळणदार अक्षरात लिहिलेली. केराची, कचऱ्याची, धोंड्याची, भिकेची. सगळ्यांचीच भावंडं काही मेलेली नव्हती. पुष्कळांना चांगली नावं ठेवायची सोयच नव्हती, ठेवली तर गाव हसायचं, मग लोक आपणच खालचं नाव ठेवून मोकळे व्हायचे. मधेच एका ओळीत भावाचंही होतं.

"पाह्य," तो म्हणाला, "सारा उकिरडा भरून ठेवला हाय. माह्या पोराचं नाव कोरं पाहिजे. कोणाच्या तोंडातून आलेलं नको."

आठव्या दिवशी सातांतलं एक उरलं. त्यानं ते कार्डावर गोल करून ठेवलं आणि रजिस्टर शाळेत नेऊन दिलं.

नवव्या दिवशी माय आणि भाऊ भांडले. माय तूर निवडत बसली होती. भावानं ते नाव वाचून दाखवलं तशी ती म्हणाली, "झालं? ठेव मंग. दोघं गेले, हे बी जाईन."

"माय, नावानं कोणी मरत नसते."

"मरत नाही, पण जगते. तुले तुह्या नावानंच जगवलं. तीन गेले माहे, तू नाही गेला."

"अन् कसा जगलो ते नाही पाह्यलं तू," भाऊ म्हणाला. एरवी तो आवाज चढवत नसे. "शाळेत हजेरी घेतली का माह्या नावाले सारा वर्ग हासे. नोकरीच्या वक्ती सायबानं दोनदा विचारलं, खरं नाव सांग म्हणे. आजबी मस्टरवर सही करतो तं हात आखडते माहा."

मायनं मान वर केली नाही. तुरीतला एक खडा काढून बाजूला ठेवला. "हासले तं हासले," ती म्हणाली. "हासाले तू जित्ता तं होता."

भाऊ तसाच उठला आणि चप्पल न घालता बाहेर निघून गेला.

मला दोघांचंही पटत होतं आणि दोघांचाही राग येत होता. भांडा तुम्ही, मरो, पण शेवटी पाळण्याशी वाकायचं मला होतं. माझं कुठं लक्षच लागेना. पायाला भिंगरी लागल्यासारखी मी नुसती फिरत होते. पाणी भरून ठेवलेलं असताना घागर घेऊन निघायचे. अंगण झाडायचे, पुन्हा झाडायचे. माय ओरडायची, "बस ना व माय एका जागी!" बसलं की मी जीभ टाळूला लावून तो डाग चाचपायचे. तो लागत नाही हाताला, जिभेला तर नाहीच नाही, तरी चाचपायचे.

अकराव्या दिवशी मी वहिनीच्या बाजेखालची शेगडी सारखी करत होते, तेव्हा तिनं माझा हात धरला.

"बाई, त्यायले जे सांगाचं ते सांगू द्या," ती हळूच म्हणाली. "कानात तं तुमीच बोलान ना? तुमी दगडाचं बोला. मी पाया पडतो तुमच्या."

"वैनी, पाया काय पडता? अन् मांगच्या दोघायच्या वक्ती..." मी शेगडीतला निखारा उगाच हलवला. "लोकं म्हणतात माही जीभ..."

"जिभेचं काही नाही बाई. नावाचं हाय सारं." माझी समजूत घालायलाच ती तसं म्हणाली. पण म्हणताना ती माझ्या डोळ्यांकडे पाहत नव्हती, तोंडाकडे पाहत होती. ते मी विसरले नाही.

आणि बाराव्या दिवशी सकाळी बाळाचं अंग तापलं.

बाप्पा! घरात काय अवकळा पसरली ती सांगता येत नाही. वस्तीला बोलावणं गेलेलं, घुगऱ्या शिजत घातलेल्या. वहिनी म्हणाली आज राहू द्या. माय म्हणाली आजच उरका, बिननावाचं पोरगं तापात ठेवू नका, पण नाव मी सांगते ते ठेवा. भाऊ वंदनेसाठी पांढरा सदरा घालून आतबाहेर करत होता, सदऱ्याच्या गुंड्या वरखाली लागलेल्या. त्याला कोणी सांगितलं नाही, त्यालाही कळलं नाही.

मी परसात घुगऱ्यांचं पातेलं चुलीवरून उतरवत होते. तो मागून आला.

"ते कार्डावरचं राहू दे," म्हणाला.

मी पातेलं खाली ठेवलं. "मंग? दगडाचं ठेवू?"

"माहं ठेव."

मला आधी कळलंच नाही. "तुहं काय?"

"माहं नाव ठेव त्याले. त्या नावानं एक जगलेला हाय. दगडाचं कोणं पाह्यलं? माहं खातरीचं हाय. तेच दे." आणि तोंड घट्ट मिटून तो रडायला लागला. मास्तर माणूस, चाळीस पोरांना एका नजरेत गप करणारा, चुलीपाशी उभा राहून रडत होता.

मला राग आला. दयाबिया नाही, निव्वळ राग. शेजारणीचा आला, रस्त्यातल्या त्या पोट्ट्यांचा आला, त्या वळणदार अक्षराचा आला, आणि सगळ्यात जास्त भावाचा आला. अरे, पाच दिवस रजिस्टर उपसलंस, मायशी भांडलास, आणि आता अंग जरा गरम झालं तर तुझ्या गळ्यातलं लोढणं काढून पोराच्या गळ्यात बांधतोस? पण यातलं मी एक अक्षर बोलले नाही. म्हणाले, "जाय, तोंड धुऊन ये. गुंड्या नीट लाव."

बायका जमल्या. भिंतीवरच्या दोन तसबिरींपुढे मेणबत्त्या लावल्या, वस्तीतल्या एका म्हाताऱ्यानं त्रिशरण पंचशील म्हटलं, सगळे मागून म्हणाले. वहिनीनं बाळ पाळण्यात ठेवलं. त्याच्या अंगाचा चटका तिच्या हाताला लागत असणार, कारण ठेवल्यावरही तिनं हात तसाच पाळण्यात ठेवला होता. ती माझ्याकडे बघत होती, दारातून भाऊ बघत होता, माय बघत होती. तिघांच्या तीन मागण्या.

मी वाकले. बाळ जागं होतं. तोंड लाल झालेलं, डोळे अर्धे उघडे. मनात आलं, जायचंच असेल तर यानं उकिरडा सोबत घेऊन कशाला जावं? आणि राहायचं असेल तर जन्मभर मान खाली घालून कशाला राहावं? जे होईल ते माझ्या माथी. काळ्या जिभेचं नाव तर आधीच झालं आहे माझं.

मी कुर्र केलं आणि कार्डावरचं नाव घेतलं. कानात घेतलं, आणि उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा घेतलं. मागे फिरायला जागा ठेवली नाही. बुक्के बसले, किती बसले आणि कोणाचे बसले मला कळलं नाही. मायनं पदर तोंडाला लावला. वहिनीनं बाळ उचललं आणि माझ्याकडे पाठ करून बसली. भाऊ दारात नव्हता, बाहेर जाऊन कुंपणाला धरून उभा होता.

ताप दुसऱ्या दिवशी उतरला. पण म्हणून मी सुटले असं कोणी म्हणू नये. पुढचं वर्षभर त्या पोराची प्रत्येक शिंक माझ्या नावावर होती. ते दुपारी झोपलं की मी चोरून त्याच्या नाकाखाली बोट धरायचे. खोकला झाला, हगवण लागली, दात येताना अंग मोडलं, की वहिनी नुसती माझ्याकडे बघायची. ती माझ्याशी कामापुरतं बोले. पाणी तापलं, पीठ संपलं. बाकी अबोला.

आणि ते नाव तिनं एकदाही घेतलं नाही. एकदाही म्हणजे एकदाही नाही. भाऊ घ्यायचा, शाळेतून आल्या आल्या दारातूनच हाक मारायचा. वस्तीतल्या लोकांना ते जमायचं नाही, ते त्याचं काहीतरी अर्धमुर्धं करून टाकायचे. माय त्याला म्हातारा म्हणायची. "ए म्हाताऱ्या, दूध पेतं का?" म्हातारा व्हावा म्हणून. आणि वहिनीसाठी तो नुसता पोट्टा होता. मला वाटायचं, ही माझ्यावर डूख धरून आहे. तिला भीती वाटते हे मला कळत होतं, पण भीतीसुद्धा इतके दिवस टिकते याचा मला राग यायचा. चालायला लागला, बोलायला लागला, तरी पोट्टाच.

तो अडीच वर्षांचा झाला तेव्हा माझं लग्न ठरलं. बाजाराच्या दिवशी आम्ही तिघी बांगड्या भरायला निघालो, माय, वहिनी आणि मी, पोरगं वहिनीच्या कडेवर. मी कासारणीसमोर बसले. उजव्या हातात बांगड्या भरून झाल्या, डावा तिनं हातात घेऊन दाबायला सुरुवात केली. माझा हात मोठा हाडाचा, ती घामाघूम झाली होती. वहिनी पोराला घेऊन मिरच्या घ्यायला पुढे गेली होती, माय मागोमाग.

थोड्या वेळानं वहिनीची हाक ऐकू आली. "पोट्ट्या! ए पोट्ट्या!" मी लक्ष दिलं नाही, ती नेहमीचीच. कासारणीच्या मागे खेळणारी दोन पोरं मात्र उठून उभी राहिली, त्यांना वाटलं त्यांच्या आईनं हाक मारली. मग मायचा आवाज आला, "म्हाताऱ्या! अरे म्हाताऱ्या, कुठं गेला रे?" एक खरोखरचा म्हातारा, कांद्याच्या ढिगापाशी बसलेला, वैतागून म्हणाला, "हाव ना वं बाई, अठीच हाय मी." लोक हसले. मीही हसले, आणि मग कळलं. पोरगं हरवलं होतं.

मी हात ओढला. कासारीण ओरडली, बांगडी फुटेल, हात कापेल. तितक्यात ते ऐकू आलं.

कोणीतरी बाई ते नाव ओरडत होती. मोडून नाही, अर्धं नाही. सगळं, जिथं जीभ अडखळते तिथंही न अडखळता, पार शेवटच्या अक्षरापर्यंत. आवाज इतका फाटलेला होता की वहिनीचा आहे हे मला क्षणभर कळलंच नाही. पुन्हा तेच नाव, पुन्हा तेच. आख्ख्या बाजारात त्या नावाला वळून बघणारं दुसरं कोणी नव्हतं. असं नाव पहिल्यांदा तोंडात घेतलं तर येत नाही हो. किती दुपारी ती एकटी ते म्हणत बसली असेल!

बांगडी फुटली. मी धावले. मनगटातून रक्त येत होतं ते नंतर कळलं.

बैलगाड्या सोडल्या होत्या तिकडे गर्दी जमली होती. एका गाडीखालून, बसलेल्या बैलाच्या शेजारून, आमचं ध्यान बाहेर येत होतं. हातात कोणाचीशी रेवडी, तोंडभर धूळ. "ओ," म्हणत होतं. नावाला ओ देत होतं. वहिनीनं त्याला दंडाला धरून ओढलं आणि पाठीत धपाटे घालायला लागली. एकेका धपाट्याला एकेकदा नाव. ते भोकाड पसरून रडलं, तीही रडली.

गाडीवाला शेतकरी, मोठ्या घरचा, बाजूलाच उभा होता. तो म्हणाला, "काय नाव म्हणतं हे? असं कुठं नाव असते काय? कोणाचं पोट्टं व्हय वं?"

वहिनीनं पोराला कडेवर घेतलं. पदरानं त्याचं नाक पुसलं. मग त्या माणसाकडे सरळ बघून तिनं नाव सांगितलं. आधी पोराचं, मग बापाचं, मग आडनाव. बापाचं ते उकिरड्यावरचं नावसुद्धा तिनं न मोडता, मोठ्यानं, सगळ्या गर्दीला ऐकू जाईल असं सांगितलं. मी तिथंच धुळीत उभी राहून हुंदके देत रडले.

बायको नवऱ्याचं नाव घेत नसे तेव्हा, पण उखाण्यात तरी घ्यायचीच. भावाच्या लग्नात, नवी नवरी म्हणून ती घरात येताना, बायकांनी तिला उखाण्यासाठी दारात अडवून धरली होती, अर्धा तास अडवली, तरी तिनं ते नाव तोंडातून काढलं नव्हतं. भाऊ शेजारीच उभा होता आणि खाली बघत होता.